न उघडलेली कुंडी

(चर्चची मागची खोली. उद्या ईस्टर. टेबलावर पांढऱ्या लिलीच्या कुंड्या, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी.)

आई — ती चिठ्ठी काढा.

फुलवाली — हात नका लावू, वहिनी. ही पिवळी टोकं कापतेय. पराग कपड्याला लागला की जन्मात निघत नाही.

आई — तिसऱ्या कुंडीची. माझ्या मुलाचं नाव आहे तिच्यावर.

फुलवाली — दादांनीच दिलं, त्याच्या वडिलांनी. सोमवारी. स्वतः लिहून.

आई — मला न विचारता. कुणाच्या नावानं ठेवतात या कुंड्या?

फुलवाली — तुम्हाला माहीत आहे.

आई — तुम्ही सांगा. वीस वर्षं ठेवताय.

फुलवाली — गेलेल्यांच्या.

आई — माझा हरवलाय. समुद्रात त्याची बोट सापडली. तो नाही.

फुलवाली — तीन वर्षं—

आई — मोजता येतं मला.

फुलवाली — अहो, पण हे काही नुसतं मेल्याचं फूल नाही. लिलीचा कांदा मातीत पुरायचा. संपला असं वाटतं. मग उठतो. म्हणून तर प्रभू उठला त्या ईस्टरला लिली.

आई — उठायला आधी मरावं लागतं ना?

फुलवाली — (पुढच्या फुलाचं टोक कापते.)

आई — बोला की.

फुलवाली — मी फुलं लावते हो. नावं छापून झालीत. उद्या फादर वाचतील. माझ्या हातात ही कात्री तेवढी.

आई — या तिसरीच्या सगळ्या कळ्या मिटलेल्या.

फुलवाली — हीच एक हट्टी. ऊन दाखवलं, कोमट पाणी घातलं. ढिम्म.

आई — फ्रिजमध्ये ठेवली तर?

फुलवाली — थांबेल. चार-आठ दिवस.

आई — मग?

फुलवाली — मग उघडेल. नाहीतर गळेल.

बाप — (दारातून) इथं आहेस होय. घरभर शोधलं तुला.

आई — तुम्ही पुरलंत त्याला. चिठ्ठीवर.

बाप — नाव कुठेतरी लिहिलेलं हवं होतं मला. जिथं उभं राहता येईल असं. घरी कुठं उभा राहू? तू त्याच्या खोलीत बसू देत नाहीस. रात्री कडी लावू देत नाहीस.

आई — तो आला तर?

बाप — तीन वर्षं वाऱ्यानं दार वाजतं आणि मी उठून बसतो.

फुलवाली — दादा, कुंडीचं काय करू?

बाप — ती म्हणेल तसं.

आई — फ्रिजमध्ये ठेवा.

फुलवाली — तरी नाव वाचलं जाईलच, वहिनी.

आई — वाचू देत. ...अहो.

बाप — काय?

आई — घराला कडी लावून आलात?

बाप — नाही.