पहिलं पीठ

मी शेवंता. माहेर पातूरच्या अंगाले, सासर पूर्णेच्या काठी, सारा जल्म निंदन-वेचनीत गेला, अन् तुमी म्हनता सांग, तं काय सांगू तुम्हाले, माह्यापाशी सांगासारखी एकच गोठ हाय अन् ते सांगाचंच मले भेव वाटते.

तवा नदीवर सरकारी पूल बांधून राहिले होते. बाया निंदता निंदता बोलत, पुलाच्या पायात लेकराचं मुंडकं लागते, लेकरं धरनाऱ्या बाया फिरून राहिल्या. कोनं पाह्यलं, तं कोनंच नाई. पन साऱ्याच म्हनत म्हून मीबी म्हनो, पाच जनीले तं मीच सांगतलं असन. लेकरं आमी घरात कोंडून ठेवो.

अन् त्याच दिवसात ते टाकीवाली आली. जातं गुळगुळीत झालं का दयन होत नाई, मंग ते छिन्नी-हातोडीनं जात्याले टाके मारून देये. दोन-तीन सालानं एकदा येये, मानसं वावरात गेल्यावर, म्हून मानसं तिले ओयखत नव्हते, आमी बाया ओयखो. मागच्या खेपेले पोटुशी होती, माह्या वसरीत बसून चिच मांगून खाल्ली होती. आता तेच पोरगी कडीवर होती, गोरीपान, अन् माय रंगानं कायीभोर. त्या सकायी तिनं माह्या जात्याले टाके दिले, शेजारच्या गंगाबाईच्या दिले, अन् पारापाशी गेली तं कोनी वरडलं, कायी बाई अन् गोरं लेकरू, हेच धरनारी!

बाप्पा, घडीभरात सारं गाव गोया झालं, काठ्या, कुऱ्हाडी. पाटलानं इचारलं, बायाहो, कोनी ओयखता का इले? गंगाबाई म्हने नाई. माही सासू म्हने नाई. माह्यावर पाळी आली तं वाटलं, हाव म्हनलं तं हे मलेबी धरतीन, म्हनतीन तूबी सामील हाय. ते माह्याकडे नुस्ती पाहून राहिली होती. मी म्हनलं, नाई जी, मी नाई ओयखत. माह्या लुगड्याले तवा जात्याच्या दगडाचा भुगा लागेल होता.

मंग एकानं पोरगी ओढली, म्हने सांग कोनाची हायस. ते भेलेल लेकरू काय सांगन? टाहो फोडला, अन् रडता रडता मायच्याच हेलात वरडली, टाकी लावा जात्याले, टाकीऽऽ. मागून कोनी हासलं. मंग दुसरं हासलं. मंग साऱ्याइच्या काठ्या खाली झाल्या. मीबी हासली, काहून हासली ते देवाले मालूम.

तिनं पोरगी उचलली, अन् जाता जाता माह्यापुढं थांबली. मले वाटलं आता शाप देते. म्हने, बाई, खडे येतीन, पहिलं पीठ फेकून देजो, लेकराइले चारू नोको.

मी नाई फेकलं. लेकराइले शेजारून मांगून चारलं, अन् ते खड्याचं पीठ तीन दिवस मीच खाल्लं.

ते पुन्हा आली नाई. गावात चक्की आली, पूलबी झाला, त्यावरून बस जाते तं मी डोये मिटून घेतो. आजबी चार जन एका तोंडानं बोलाले लागले का मी तिथून उठून जातो. तिची पोरगी आता नातवंडाइची झाली असन. जिथं असन तिथं सुखी राहो माय, अन् कुठी चार लोकाइत इचारलं, इले कोनी ओयखता का, तं एक तरी बाई हाव म्हनो.