पाच मिनिटं तोंड बंद

…आणि मला म्हणतात गप्प बसा! मला! अहो, अख्ख्या फिलिपिन्सला विचारा, या इलोइलोच्या बाजारात एकोणीस वर्षं मी मासे कशावर विकतेय? तोंडावर! बांगुस मासा काय, सगळ्यांच्या टोपलीत तोच असतो, पण ही फेलिसिदाद ओरडली की पार बंदरापर्यंत ऐकू जातं, आणि तिला गप्प बसवायचं? पण बसले हं! पाच मिनिटं! मेरीमातेची शपथ, एक अक्षर बोलले नाही!

तुम्हाला सांगते, झालं काय, माझी मारिविक, चौदा वर्षांची, महिनाभर रोज सकाळी पोट धरून बसायची. गणवेश चढवला की कळ सुरू! सासू म्हणे, "जंत झालेत." शेजारीण म्हणे, "दृष्ट लागलीय, पोटाला थुंकी लाव." दोन्ही केलं… कळ हटेना! पोरगी वाळत चालली, शाळा बुडाली, विचारलं की "काही नाही, नानाय." नानाय म्हणजे आईच ना मी तिची, रडू यायचं हो मला. तेवढ्यात शाळेतून चिठ्ठी आली, विद्यापीठाची माणसं आलीत, वाढत्या पोरांचा मेंदू कसा घडतो, मन कशानं बिघडतं, याचा अभ्यास करतायत, पोरीला घेऊन या. म्हटलं, चला!

तिथं ओफेलिया म्हणून डॉक्टरीणबाई, एवढीशी, आवाज असा की कोळंबीसुद्धा दचकायची नाही. पोरीला त्या भल्यामोठ्या यंत्रात झोपवून डोक्याचा फोटो काढला. म्हटलं, "दाखवा बघू, कुठं दुखतंय?"

"फोटोत दुःख दिसत नाही हो. त्यासाठी मुलांना विचारावं लागतं."

"मी विचारते की रोज!"

"मग ती सांगेपर्यंत थांबता का?"

बघा! बोलते मोजकंच, पण घशात काट्यासारखं अडकतं! मग आम्हा दोघींना खोलीत बसवलं, समोर कॅमेरा, भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात खुर्ची टाकून डॉक्टरीणबाई. "पाच मिनिटं मारिविक बोलेल. तुम्ही फक्त ऐकायचं. सगळ्याच आयांना हेच सांगतो आम्ही."

पहिलं मिनिट पोरगी नखं बघतेय, मी घड्याळ बघतेय, जीभ नुसती वळवळतेय… एक अक्षर बोलले नाही! आणि मग हळूच म्हणते, "नानाय, तू प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतेस, माझी पोरगी नर्स होणार, कॅनडाला जाणार. मला शाळेत बाजारातूनच जावं लागतं. बर्फवाला ओरडतो, 'काय नर्सबाई!' कांदेवाली म्हणते, 'नर्सबाई, माझा गुडघा बघ गं!' आणि मी विज्ञानात दोनदा नापास झालेय. आणि मला रक्त बघवत नाही. माशाचंसुद्धा."

अहो! म्हणजे पोरीच्या पोटातली कळ माझ्या तोंडातून निघालेली! आता मी काही बोलू की नको? 'अगं, कौतुकानं म्हणते मी…', 'अगं, मग तू आधी का नाही…' सगळं ओठांपर्यंत आलं, जीभ दातांखाली धरली, डोळ्यांतून धारा, आणि… एक अक्षर बोलले नाही!

मग तिनं माझ्याकडे बघितलं. "मला काय व्हायचंय ते मला अजून माहीतच नाही. चालेल का गं?"

आता सांगा! प्रश्न विचारलाय, पोरगी श्वास रोखून बसलीय, आणि घड्याळात अजून पन्नास सेकंद! कॅमेऱ्याकडे बघितलं, डॉक्टरीणबाईंकडे बघितलं… आणि मान हलवली. अशी जोरात! मान हलवायला कुठं बंदी होती?

पोरगी गळ्यातच पडली माझ्या. तिकडे डॉक्टरीणबाई डोळे पुसतायत, अभ्यास गेला खड्ड्यात! निघताना म्हणाल्या, "मेंदूचं बांधकाम पार विशी उलटेपर्यंत चालतं, घाई करू नका." म्हटलं, आमच्या गल्लीतला पूलसुद्धा तेवढाच वेळ घेतोय, आम्हाला सवय आहे!

सोमवारी पोरगी शाळेत गेली. मंगळवारी गेली. आज तर पोटभर भात खाऊन गेली! जिंकले की नाही मी? आणि ए कांदेवाले, ए बर्फवाल्या, यापुढे तिला नर्सबाई म्हणालात ना, तर खवले काढायची सुरी हातातच आहे माझ्या!

फक्त एक घोटाळा झालाय. पोरीला चटक लागली. आता रोज जेवताना पाच मिनिटं तिची, मी गप्प. काल पाच मिनिटं झाली, मी आनंदानं तोंड उघडलं… तर म्हणते, "थांब ना, नानाय, माझं अजून संपलं नाही." बसले परत! भात गार झाला, पण एक अक्षर बोलले नाही… चौदा वर्षांचं साठलंय हो तिचं, आता कसली बोलतेय मी घरात!