सुभेदारांच्या जपानी गाडीचं कडं

चहा निवायच्या आत सांगते. आमच्या शेजारच्या सुभेदारांना जुनी जपानी फटफटी विकून म्हैस घ्यायची होती. पुण्याहून अशा गाड्यांचा एक जाणकार आला. मागच्या चाकाशेजारचं लोखंडी कडं बघून तो हरखलाच. “हे कुठल्याच मॉडेलला नसतं! ही तर कारखान्यानं चाचणीला काढलेली पहिली गाडी!”

सुभेदार मिशीतल्या मिशीत हसले. मला मात्र राहवेना.

“आवं, कसला कारखाना? ते कडं मीच कोरेगावात वेल्डिंग करून बसवून घेतलंय. त्यात माजी दुधाची किटली अडकवून रोज सुभेदारच नेत्यात की डेअरीला!”

पाहुणा चहा न घेताच गेला.

सुभेदार म्हणाले, “वैनी, माजी म्हैस गेली. आता उद्यापासनं तुमच्या म्हशीचं दूध तुमीच न्या, डोक्यावरनं.”