तोरणमाळचं अस्वल आणि मी

काय सांगू तुम्हाला, तोरणमाळला अस्वल आहे ही माझी बातमी वनाधिकाऱ्यानं सरळ खोटी ठरवली होती. मी स्वतः जंगल पालथं घालून आलो, पण पुरावा मिळाला नाही. आता माफी छापायची वेळ आली होती.

तेवढ्यात लोणखेड्याच्या कॉलेजातल्या चौधरी मॅडमनी बोलावलं. त्या एक सॉफ्टवेअर बसवत होत्या. जंगलातल्या कॅमेऱ्यांच्या फोटोत प्राण्याभोवती चौकोन काढून नाव लिहायचं, म्हणजे संगणक पुढे आपोआप प्राणी ओळखायला शिकतो. चाचणीसाठी त्यांनी एक फोटो उघडला. त्यात काळं जाकीट घालून, वाकून ठसे शोधणारा मीच. मॅडमनी चौकोन काढला आणि लिहिलं, 'अस्वल'.

माझं डोकंच फिरलं. "मॅडम, माणूस ओळखता येत नाही का तुम्हाला?"

"भाऊ, तुमना चौकोन आजून काढाच नही मी. तुमना मांगे झुडपात कोन उभं शे, ते देखा."

मी खुर्चीतून उठलोच. माझ्या पाठीमागे खरंखुरं अस्वल, दोन पायांवर उभं! तिथूनच अधिकाऱ्याला फोटो पाठवला आणि फोन लावला.

"अस्वलाचं नंतर बघू," साहेब म्हणाले. "तुम्ही जंगलात कुणाच्या परवानगीनं शिरलात?"

"ते अस्वलालाच विचारा," म्हटलं. "तेवढा एकच साक्षीदार आहे."