लुसर्नची लाइन

मुरली : लागत नाहीं, मावशी. सहादां केलों. दर वेळीं तीच टेपवाली बाई बोलतें.

विद्युलता : आण तो टूरचा कागद इकडे. अरे, इथे एकेचाळीस दोनदा आहे. तू एकदाच फिरवलंस.

मुरली : प्रिंटिंग मिस्टेक असेल म्हणून एक सोडलों.

विद्युलता : एक स्वित्झर्लंडचं, एक लुसर्नचं. तुझी आई आणि मी एकोणतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये शेजारीशेजारी बसलो, ते हेच करत. सगळं जग आम्हाला आकड्यांनी पाठ होतं.

मुरली : म्हणूनच अप्पा तिला बळें धाडले. एवढ्या गांवांना लाइन जोडलीस, एकदां डोळ्यांनीं पाहून ये, म्हणले. स्वतः नाहीं गेले. ऊटीचा गारवा सोसत नव्हता त्यांना, तिकडला कसा सोसणार?

विद्युलता : आणि आज सकाळी...

मुरली : कॉफीचा टंबलर पडला नाहीं, मावशी. नीट टेबलावर ठेवले आणि मान टाकले. डॉक्टर येऊन नुसती घड्याळांत वेळ पाहिला.

विद्युलता : पाणी पी आधी. खाली कोण आहे?

मुरली : सगळे. राघोत्तम पेरियप्पा पण आले तांबरमहून. अप्पांचे थोरले भाऊ, अत्तां तेच सगळं पाहणार. म्हणतात, अम्माला सीरियस एवढंच सांगा. एकटी येणार ती.

विद्युलता : तिला? तिच्या कानावरून किती 'सीरियस' गेले असतील त्याचा हिशोब नाही, रे. कुठल्या 'सीरियस'मध्ये जीव आहे आणि कुठल्यात नाही, ते तिला आवाजावरून कळायचं.

मुरली : मग सरळ सांगणार तुम्ही?

विद्युलता : वाईट बातमीचा कॉल आला की तुझी आई लगेच जोडायची नाही. आधी विचारायची, सोबत कोण आहे तुमच्या? त्यांना जवळ बोलवा. ते आले की मगच जोडायची. आणि एकदा जोडलं की आपण लाइनवरून बाजूला व्हायचं असा नियम. ती मात्र व्हायची नाही. दोन मेमो मिळाले तिला त्यापायी. तिसऱ्या वेळी मलाही मिळाला. तिचं पाहून मीही करायला लागले होते.

मुरली : सरी, बरें मावशी. तुम्हीच बोला. पण एक तिला विचारायलाच पाहिजे. पेरियप्पा बर्फाची पेटी, ऐस बॉक्स, सांगून ठेवले आहेत. अम्मा परवां सकाळीं पोंचेल, तोंवर अप्पांना त्यांत ठेवतां येतें. ती हो म्हणली तर. नाहीं सांपडली तर दोन वाजतां नेणार.

विद्युलता : आत्ता किती झाले?

मुरली : साडेदहा. तिथें सात. साडेसातला त्यांची बस सुटते, मग दिवसभर नाहीं सांपडणार.

विद्युलता : फिरव. दोन्ही एकेचाळीस घे. आणि रिसीव्हर माझ्याकडे दे.

(फोन लागतो. हॉटेलातली माणसं मुरलीच्या आईला, विशालाक्षीला, नाश्त्यावरून उठवून आणतात.)

विशालाक्षी : हॅलो? मुरली कां?

विद्युलता : मी गं, विद्युलता.

विशालाक्षी : विद्या! अगं, काय सांगूं, खिडकींतून तळें दिसतें. 'लुसर्न, होल्ड ऑन' म्हणत होतों ना आपण, तें हें गांव. यांना सांग, दोन स्वेटर घातलें तरी हाडांत शिरतें. नाहीं आले तें बरें झालें.

विद्युलता : विशाला.

विशालाक्षी : काय गं? बोल की.

विद्युलता : सोबत कोण आहे तुझ्या?

विशालाक्षी : सोबत कोण, म्हणलीस?

विद्युलता : विशाला, ऐकू येतंय?

विशालाक्षी : येतें. कुंभकोणमची सुंदरी आहे, पलीकडच्या टेबलावर. थांब, बोलावतें... आली. हात धरली माझा. अत्तां जोड.

विद्युलता : सकाळी सातला. कॉफी घेतली आणि बसल्या जागी. त्रास झाला नाही गं, खरंच नाही झाला.

विशालाक्षी : मुरली कुठें?

विद्युलता : माझ्या शेजारी आहे. रडतोय, पण बरा आहे. विशाला, आइस बॉक्स सांगून ठेवलाय. तू ये परवापर्यंत, आम्ही थांबतो. तू नुसतं हो म्हण.

विशालाक्षी : बर्फांत ठेवणार यांना?

विद्युलता : तुला एकदा पाहायला मिळावं म्हणून.

विशालाक्षी : नको गं. मे महिन्यांत पण पंख्याखालीं निजत नव्हते ते. दोन दिवस कसे राहतील?

विद्युलता : पुन्हा विचार कर. मागाहून मनाला लागेल तुझ्या.

विशालाक्षी : लागूं दे. दोन वाजतां न्या. मुरलीला सांग, माझ्या पेटींत तपकिरी शाल आहे, तळाशीं. नेईपर्यंत ती पांघरा त्यांना.

विद्युलता : सांगते.

विशालाक्षी : बस आली बाहेर. सगळे चढताहेत.

विद्युलता : जाऊ दे बस.

विशालाक्षी : अत्तां कांहीं बोलूं नको, विद्या. पण बाजूला होऊं नको.

विद्युलता : नाही होत. लाइनवर आहे मी.