खोबरेल तेलाचा पुरावा

मोरेश्वर : ...आणि म्हणून, मित्रहो, दोन हजार वर्षांपूर्वी जॉर्डनच्या वाळवंटात आपला माणूस पोचला होता. इथे थांबायचं. टाळ्यांसाठी.

नीलांबरी : कोणी वाजवल्या नाहीत तर?

मोरेश्वर : तर पुढची स्लाइड. ही बघ, तिथल्या त्या जुन्या नबातियन लोकांची देवाची जागा. डोंगरावर, कोनाड्यात, नुसता उभा दगड. डोळे नाहीत, नाक नाही. शंकराची पिंडी नाही तर काय आहे हे?

नीलांबरी : चौकोनी पिंडी. अहो, आपल्या केयानं तिथे उन्हात उभं राहून सगळं समजावलं होतं. ते लोक देवाला चेहरा का देत नसत, वगैरे. तुम्ही तेव्हा फोनला रेंज शोधत होतात.

मोरेश्वर : शनिवारी मराठी मंडळाचा हॉल फुल आहे. अख्ख्या अ‍ॅशबर्नमध्ये डेटा सेंटर सोडून दुसरं काही बोलणारा माणूस नाही, म्हणून मला बोलावलंय.

नीलांबरी : ढोलपथकानं कॅन्सल केलं म्हणून बोलावलंय.

मोरेश्वर : तू चेष्टा कर. आता माझ्याकडे सायन्स आहे. सकाळी ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटीतून लेकीचा फोन आला, तेव्हा तूच उचललास ना? काय सापडलं तिच्या लॅबला त्या दगडात?

नीलांबरी : खोबरेल तेल.

मोरेश्वर : वाळवंटात नारळ कुठून येणार? भारतातून. तिची प्रोफेसर खूश, सोमवारी पोरगी सगळ्या डिपार्टमेंटसमोर बोलणार. त्या देवाला काय वाहत असत, हीच तर तिची पीएचडी.

नीलांबरी : माझ्या पर्समधलं तेल कुठे गेलं?

मोरेश्वर : कुठलं तेल?

नीलांबरी : केसांचं. उन्हाळ्यात तिची साइट बघायला गेलो, तेव्हा बाटली भरून नेली होती. परत आली अर्धी.

मोरेश्वर : फार कोरडी हवा असते तिथे.

नीलांबरी : तेल असं उडून जात नाही. तुम्ही तर कुंकूही लावायला निघाला होतात, मी हात धरला म्हणून राहिलं. मग मी व्हॅनमधून पाणी घेऊन येते, तर देव चकाकतोय.

मोरेश्वर : पळीभर घातलं असेल. रिकाम्या हातानं देवापुढे कसं जायचं?

नीलांबरी : आणि दोन दिवसांनी पोरीनं त्याच दगडाची भुकटी काढून लॅबला पाठवली.

मोरेश्वर : माझ्या तेलाच्या खाली जुनंही असेल ना. त्या काळचं.

नीलांबरी : असेल की. तुमच्या त्या आपल्या माणसानंही माझ्याच पर्समधून घेतलं असेल.

मोरेश्वर : एवढा शनिवार जाऊ दे, मग सांगू.

नीलांबरी : शनिवारी तुम्हाला टाळ्या आणि सोमवारी तिचं हसं. ते काही नाही. फोन लावतेय मी.

(व्हिडिओ कॉल लागतो.)

केया : हाय! बाबा, स्लाइड्स झाल्या? माझा ग्राफ टाकलास ना?

नीलांबरी : केया, बाबांना काहीतरी सांगायचंय.

मोरेश्वर : तसं विशेष काही नाही. तू जेवलीस का?

नीलांबरी : त्या दगडावर ह्यांनी तेल घातलंय. माझं, डोक्याला लावायचं.

केया : ...व्हॉट?

मोरेश्वर : थोडंसंच गं. भक्तीनं.

केया : बाबा, प्लीज, यू आर जोकिंग ना? मी मॅमना विचारलं होतं, इतकं फ्रेश कसं दिसतंय. त्या म्हणाल्या, डेझर्ट आहे, ड्राय असतं.

नीलांबरी : बाबांचंही तेच मत आहे.

केया : आम्हाला एकाच दगडाची परमिशन होती. वन स्टोन. तिथे परत ड्रिल करू देणार नाहीत. माझा सगळा चॅप्टर गेला, बाबा.

मोरेश्वर : मला काय माहीत, तुम्ही नेमका तोच घ्याल?

केया : मी बोट दाखवून सांगितलं होतं.

नीलांबरी : रेंज नव्हती तेव्हा.

केया : पण का? नुसता नमस्कार करायचास. तेल कशाला?

मोरेश्वर : नवस बोललो होतो.

नीलांबरी : हे मलाही माहीत नाही. कसला नवस?

मोरेश्वर : जाऊ दे.

केया : टेल मी, बाबा.

मोरेश्वर : तुझं हे उन्हातान्हात दगड खरवडणं सुटावं. इथे, घराजवळ, नीट नोकरी लागावी तुला. डेटा सेंटरमध्ये, कुठेही. बापाला काळजी वाटते गं.

नीलांबरी : अहो, तिच्याच देवाकडे जाऊन तिच्याविरुद्ध मागितलंत?

केया : पावला, बाबा. तुझा देव पावला. अर्धा तरी.

मोरेश्वर : असं बोलू नकोस. शनिवारचं कॅन्सल करतो मी. वाटलं तर तुझ्या मॅमना फोन करतो.

केया : नको. मीच सांगते त्यांना, आत्ताच. आई, बाटलीवरच्या लेबलचा फोटो पाठव, लॅबला लागेल.

मोरेश्वर : केया, मी मुद्दाम नाही केलं.

केया : आय नो. पण मी तुम्हाला तिथे कशाला नेलं होतं? मला वाटलं, एकदा तरी तू माझं काम बघशील.

मोरेश्वर : बघितलं की.

केया : मी तुझा फोटो काढला होता तिथे. त्या दगडासमोर. माझ्या डेस्कवर लावलाय. त्यात तुझे डोळे मिटलेले आहेत, बाबा.