देवघरातला खेकडा

मी जन्माची बडोद्याची. पणजोबा सरकारांच्या फौजेत होते म्हणे, त्यांची तलवार माहेरी भिंतीवर होती आणि तिच्याखाली आईचं शिवणयंत्र, घर चालायचं ते यंत्रावर, पण पाहुण्यांना दाखवायची ती तलवार. समुद्र काही कोणी पाहिला नव्हता. एकदा खंभातला गेलो होतो तर तिथे नुसता चिखल, पाणी कुठेय विचारलं तर एक जण म्हणाला, गयुं, सांजे आवशे.

मग यांना ऑफिसातून प्रवासाची सवलत मिळाली नि आम्ही मद्रासहून बोटीने अंदमानला गेलो. काय सांगू तुम्हाला, असा किनारा की माणूस नाही, भेळवाला नाही, कोणी कशाला ओरडत नाही. इवल्या खेकड्यांनी वाळूच्या हरभऱ्याएवढ्या गोळ्या करून मांडलेल्या, पाऊल टाकलं की सगळे बिळात. एक बगळा होता, तो आमच्याकडे बघेसुद्धा ना. मी चपला हातात घेऊन उभी, पाय कुठे ठेवू कळेना. तिथेच मुठीएवढा शंख दिसला, म्हटलं देवघराला होईल, ओल्या पंच्यात गुंडाळला नि पिशवीत टाकला.

घरी आल्यावर आंघोळ करून तो देवापुढे मांडला, डोळे मिटून स्तोत्र म्हटलं, उघडते तर शंख बाळकृष्णाच्या मागे. पुन्हा पुढे ठेवला, पुन्हा चालला. हे म्हणाले, अगं, पाय आहेत त्याला.

आता काय करायचं? शेजारच्या कोकिलाबेन म्हणाल्या, बेन, जीव छे, सुरसागरमां मूकी आवो, म्हणजे गावातल्या तळ्यात सोडून या. हे म्हणाले, मिठाचं पाणी दे. दीर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, ते म्हणाले, वहिनी, हा शंखात राहणारा खेकडा, जमिनीवरचा, पाण्यात टाकाल तर बुडून मरेल. खेकडा बुडून मरतो, सांगा आता! मी एका वाटीत गोडं पाणी, एकीत मिठाचं ठेवलं, मध्ये ओली वाळू, जे हवं ते घे बाबा. खोबरं खायचा. पण दिवसेंदिवस बाहेर येईनासा झाला, दीर म्हणाले, इथे फार जगायचा नाही. मला जेवण जाईना. मीच आणला ना, या हातांनी.

तेवढ्यात गल्लीतल्या मंदाताई म्हणाल्या, आम्ही आठवड्यात अंदमानला निघतोय, द्या, सोडते. डालड्याच्या डब्याला भोकं पाडून दिला. परत आल्या नि म्हणाल्या, वाळूवर ठेवताच असा पळाला, मागे वळूनही पाहिलं नाही मेल्याने. मी पेढे वाटले.

महिन्याने त्यांचे मिस्टर मांडवीच्या बाजारात भेटले, म्हटलं, कसा झाला प्रवास? तर म्हणाले, बोटीची तिकिटंच मिळाली नाहीत हो, उटीला गेलो, थंडी फार.

आता उटीला समुद्र कुठला? मग खेकडा कुठे पळाला? का हे गृहस्थच दुसऱ्या वर्षीचा प्रवास सांगत होते? विचारायला मी मंदाताईंच्या जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. विचारलं असतं तर एकच उत्तर मिळालं असतं.

आज त्या ऐंशीच्या पुढे आहेत, देव शंभरी देवो. दरवर्षी दिवाळीला येतात, खेकडा पळाल्याचं स्वतःच सांगतात, दरवर्षी थोडा जास्त लांब पळतो. यंदा त्यात एक कासवही आलं. मी चकलीची बशी पुढे केली, म्हटलं, घ्या ना, आणि मग?